एकाच महारवाड्याच्या दोन वाटा

पुण्याहून निघालेली एस.टी. शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडू लागली की माझे वडील खिडकीबाहेर बोट करून म्हणत, "आला रे आपला जिल्हा." वडील आता हयात नाहीत. जिल्ह्याचे नावही २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले. पण कंडक्टरपुढे पैसे धरताना लोक अजून 'एक नगर द्या' असेच म्हणतात. गेल्या नोव्हेंबरात मीही तेच म्हणालो.

मी काही सहलीला निघालो नव्हतो. कामासाठी बोलावणे आले होते. नेवासे तालुक्यात राहणाऱ्या माझ्या चुलत भावाचा फोन आला होता. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे. पुढच्या वर्षी तिला नर्सिंगला घालायचे आहे. दादा म्हणाला, "अरे, आपल्या पणजोबांची जात कोतवाल बुकात महार अशी आहे ना? पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती आहे. पण जुनी नक्कल काढून 'हिंदू महार' असा दाखला मिळाला, तर फी वाचेल आणि नंबरही लागेल. तू कचेरीतला माणूस, तुला वाट माहीत असेल. शनिवारी ये. रविवारी आमचा कापणीचा सण आहे, तोही बघ."

वस्तीतल्या लोकांचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डे ही कामे मी वीस वर्षे करतो आहे. त्यामुळे 'येतो' म्हणालो. पण फोन ठेवल्यावर मनात काटा राहिला. हे काम करावे की नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आमच्या घराची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेक वाचकांच्याही घरची असेल. माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच महारवाड्यात जन्मले. थोरले मिशनच्या बोर्डिंगात शिकले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते मिशनच्या शाळेत मास्तर झाले. आम्ही त्यांना मास्तर आजोबा म्हणायचो. माझ्या आजोबांच्या वाट्याला येसकरपाळी आली. ती झुगारून ते खडकीच्या कारखान्यात लागले, आणि १९५६ साली बाबासाहेबांच्या मागे धम्मात आले. दोघांनीही गावकी सोडली, पण सोडताना एकमेकांनाही सोडले. आजोबा म्हणायचे, "भाऊ भाकरीसाठी बाटला." तिकडे म्हटले जाई, "धाकटा राजकारणासाठी बाटला." लग्नकार्याला जाणे-येणे बंद झाले. आमच्या पिढीत फोनमुळे ते पुन्हा सुरू झाले.

नगरमधले दोन तास

शनिवारी सकाळी नगरला उतरलो. नेवाशाकडची गाडी मिळेपर्यंत हाताशी दोन तास होते. माळीवाड्याच्या स्टँडवर बसून राहण्यापेक्षा गावात हिंडलो.

नगर म्हटले की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो, पंडित नेहरू तिथे १९४२ पासून बंदिवान होते ते आठवते. आपल्या लोकांना नगरची आणखी एक गोष्ट आठवायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. मिस सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई इथे मुलींना शिकवत असे. १८६२ साली ती नगरलाच वारली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते या फरारबाईंकडे, याच नगरमध्ये. म्हणजे भिडे वाड्यातल्या शाळेच्या पाठीशी नगरची ही शाळाही उभी आहे.

'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघाले. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय'नेच. आपल्या माणसाची लेखणी छापायला त्या काळी कोण तयार होते, हे यावरून समजावे.

डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचे नाव असलेले चर्च बाहेरून पाहिले. हे ह्यूमसाहेब १८४७ साली मुंबईतच जन्मले आणि सुमारे पन्नास वर्षे त्यांनी नगर भागात काम केले. पुढे १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. खेड्यापाड्यातल्या किती तरी मुलांना त्या कॉलेजाने पदवीपर्यंत नेले, त्यात आपलीही मुले आहेत. फूटपाथवर चहा घेताना वाटले, मास्तर आजोबांना 'भाकरीसाठी बाटला' म्हणणाऱ्या आम्हा लोकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. भाकरी होतीच. दुष्काळात ती कोणाला नको असते? पण भाकरीबरोबर पाटीही होती.

दुपारच्या गाडीने जेऊर, पांढरीपूल, घोडेगाव, वडाळा असे करत गेलो. घोडेगावला कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. वडाळ्यालाही मिशनचे जुने ठाणे होते. तिथून पुढे फाट्यावर उतरलो तर दादा मोटारसायकल घेऊन उभा. मी "जय भीम" म्हणालो, तो "जय भीम, जय ख्रिस्त" म्हणाला आणि हसला. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनमधून बाजरीची काढलेली राने. घरी पोचलो तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. अण्णा म्हणजे मास्तर आजोबांचे चिरंजीव, माझे चुलत चुलते. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

"तुझ्या आज्यासारखा दिसतोस," एवढेच म्हणाले.

दारावरचा फळा

रविवारी नऊ वाजता घंटा झाली. साडेनवाला दुसरी. सगळे घर आवरून निघाले. चर्च म्हणजे काही मोठी इमारत नाही. दगडी भिंती, वर पत्रे, आत लाकडी बाक आणि पुढे सतरंजी. तिथले जुने लोक त्याला देऊळ म्हणतात.

माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते दाराजवळच्या काळ्या फळ्याकडे. खडूने लिहिले होते : 'गेल्या रविवारची उपस्थिती ८४. शब्बाथशाळा २३. दान रु. १,९६०. आजारी : तीन', आणि पुढे त्या तिघांची नावे. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. वर्षभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. त्या फळ्यापुढे मी उभाच राहिलो. चौऱ्याऐंशी माणसांपैकी कोण आले नाही, कोण आजारी आहे, किती पैसा जमला, हे सारे दारातच लिहिलेले. आत काय सांगतात ते नंतर ऐकू, पण ही मंडळी कशावर उभी आहेत ते मला बाहेरच थोडेसे कळले.

आत पेटी, तबला, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने लोक पाठ म्हणत होते. टिळक नाशिकहून शिकलेले ब्राह्मण कवी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्याची बरीच वर्षे नगरला काढली. इंग्रजी चालीच्या गाण्यांऐवजी त्यांनी आपल्या लोकांना अभंगाची, भजनाची चाल दिली, त्यामुळे निरक्षर बाईलाही देवळात तोंड उघडता आले. आपल्या जलशांनी आणि भीमगीतांनी हेच केले नाही का? पुस्तक वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत विचार गेला तो गाण्यावर बसून.

उपासना चालवत होते पाळकसाहेब, पण पाठ वाचला एका दहावीतल्या मुलाने. प्रार्थना केली एका शेतमजूर बाईने, डोळे मिटून, न अडखळता. तिने गावातल्या आजाऱ्यांची नावे घेतली, परीक्षेला बसलेल्या मुलांची घेतली, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडलेल्या दोन घरांचीही घेतली. ते दोन्ही घरवाले तिथेच बसले होते. कोणी रागावले नाही.

मग कापणीचा सण. प्रत्येकाने आपल्या रानातले काही ना काही आणले होते : बाजरी, भुईमूग, कांदे, कोंबडी, अंडी, दूध. ज्याला रान नाही त्याने घरी केलेले लोणचे आणले होते. उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला. एक भोपळा तीनशेला गेला. घेणाऱ्याने तो परत दिला, पुन्हा बोली लागली. असा एकच भोपळा तीनदा विकला गेला आणि शेवटी एका विधवा आजीच्या हाती देण्यात आला. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, पण खजिनदार बाई वहीत प्रत्येक बोली लिहून घेत होत्या. या बाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. लिलावानंतर त्यांनी मागच्या तीन महिन्यांचा जमाखर्च उभे राहून वाचला : लाइट बिल, पाळकसाहेबांच्या पगारातला वाटा, पत्र्याची दुरुस्ती, एका कुटुंबाला दवाखान्यासाठी मदत. मागून एक तरुण म्हणाला, "पत्र्याच्या खर्चात एकशेचाळीस रुपये कसले?" बाईंनी पिशवीतून पावती काढून दाखवली. तरुण बसला. विषय संपला.

अण्णा मला म्हणाले, "साहेब लोक होते तोवर पगार तिकडून यायचा. लोकांना देण्याची सवयच नव्हती. मिशनचा हात आखडला तेव्हा किती तरी गावची देवळे बंद पडली. आमचे राहिले ते या भोपळ्यावर."

हे वाक्य मी तिथेच डायरीत लिहून ठेवले.

एक पेला

दुपारी जेवताना अण्णांनी मास्तर आजोबांची एक आठवण सांगितली. ती मला कधी कोणी सांगितली नव्हती.

ख्रिस्ती लोकांत प्रभुभोजन नावाचा विधी असतो. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सर्वांना दिला जातो. आता अनेक ठिकाणी लहान-लहान पेले असतात, पण त्या काळी पेला एकच असे आणि तो हातोहात फिरे. बोर्डिंगातल्या पोरसवदा मास्तर आजोबांनी पहिल्यांदा तो पेला हातात घेतला, तेव्हा त्यांच्या आधी एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने त्यातून घोट घेतला होता. आणि त्यांच्यानंतर तो पेला गेला एका सुताराच्या मुलाकडे. त्यानेही न पुसता ओठाला लावला. अण्णा म्हणाले, "माझे वडील सांगायचे, मला त्या दिवशी उपदेश काही कळला नाही. मी त्या पोराच्या ओठांकडेच बघत होतो."

हे साल साधारण १९२७ च्या आसपासचे असावे. त्याच सुमारास, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एका भावाला तो पेला मिळाला, दुसऱ्याला ती ओंजळ. पाण्याला तरसलेल्या माणसाला दोन्हींची किंमत सारखीच कळते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुष्कळांनी वाचली असतील. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईंना जात सोडताना स्वतःशी किती झगडावे लागले, हे त्यांनी लपवले नाही. मला त्या पुस्तकाची थोरवी त्यातच वाटते. एका पिढीत स्वतःच्या घशाखाली पाणी उतरवायला शिकणे, ही साधी गोष्ट नाही.

जात दाराबाहेर राहिली का?

पण मी काही नुसता पाहुणा म्हणून गेलो नव्हतो. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी अण्णांना सरळ विचारले, "अण्णा, एका पेल्यातून प्यायलात. एका मांडवात लग्ने होतात का?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मांगवाड्यातून आलेली चार घरं आहेत आमच्यात. प्रार्थनेला शेजारी बसतो. पोरगी द्यायची म्हटली की जो तो आपापल्या जुन्या वाड्याकडे बघतो. माझ्या भाचीनं केलं तसं लग्न. तिचा बाप दोन वर्षं देवळात आला नाही."

हा दोष एका गावातल्या मंडळीचा नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची जात धर्मांतराने पुसली गेली नाही, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी सविस्तर लिहून ठेवले आहे. १९३८ सालच्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलतानाही त्यांनी एकीकडे बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला, आणि दुसरीकडे हा समाज हक्कांच्या लढ्यात मागे राहतो म्हणून त्याला सुनावले. आपण बौद्ध धम्म स्वीकारला तो विचार करून. ईश्वरावर भार टाकून दुःख संपत नाही, माणसाने माणसाशी नीट वागल्याने संपते, ही आपली श्रद्धा आहे. देवळात डोळे मिटून सगळे प्रार्थना करत होते तेव्हा माझे डोळे उघडे होते आणि त्यात मला संकोच वाटला नाही.

मात्र अण्णांना प्रश्न विचारल्यावर तोच प्रश्न माझ्याकडे परत आला. आमच्या वस्तीतले किती बौद्ध मातंग, चर्मकार घरांत सोयरीक करतात? कालपर्यंतच्या पोटजाती आपणही लग्नाच्या बैठकीत हळूच विचारतोच की. अण्णांनी निदान 'खोटं कशाला बोलू' असे म्हटले.

दाखल्यावरचा रकाना

रात्री कंदील नव्हे, ट्यूबलाइटखाली कागद पसरले. पुतणी समोर बसली होती. हुशार मुलगी. दादाने पणजोबांची नक्कल आणली होती. जुन्या मोडीतून देवनागरीत केलेली, त्यावर 'महार' स्पष्ट.

मी त्यांना कायदा जसा आहे तसा सांगितला. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० सालचा. त्यात फक्त हिंदूंना धरले होते. १९५६ साली शीखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित बाहेरच राहिले. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली होती. २०२२ साली केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, त्यामुळे तो दाखला पुतणीला रीतसर मिळू शकतो. शिवाय इतर मागासवर्गातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. म्हणजे वाट आहे. पण जागांचा फरक राहतो, पुढे नोकरीत राहतो. आणि उद्या गावात कोणी तिच्या भावाला जातीवरून मारले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या कामी येत नाही. मारणारा तो बायबल वाचतो की त्रिपिटक हे विचारून मारत नाही.

पुतणी म्हणाली, "काका, आपलं मूळ एकच. मग तुमच्या आणि माझ्या दाखल्यात फरक का?"

मला उत्तर देता आले नाही. कायदा मी सांगितला होता, पण तिने कायदा विचारला नव्हता.

दादा म्हणाला, "म्हणून म्हणतो, 'हिंदू महार' लिहू. पुष्कळ लोक लिहितात. घरात येशू, कागदावर हिंदू."

तेव्हा कोपऱ्यात पडलेले अण्णा उठून बसले. "माझ्या बापानं शाळेच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं 'ख्रिस्ती' लिहिलं, स्वतःच्या हातानं. तेव्हा त्यांना म्हणाले होते, मास्तर, असं लिहू नका, पोराचं नुकसान होईल. ते म्हणाले, रविवारी एक आणि सोमवारी दुसरं, असं मला जमायचं नाही. माझं नुकसान झालं. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. पण मी कुठल्या साहेबापुढं खोटं बोलून उभा राहिलो नाही. आता पोरीचं आयुष्य आहे, तिनं ठरवावं."

मला माझे आजोबा आठवले. १९५६ नंतर त्यांनीही जनगणनेला आलेल्या माणसासमोर बसून 'बौद्ध' असे लिहवून घेतले होते. राज्याने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे! त्या काळात 'कागदावर महार लिहा, घरात बुद्धवंदना करा' असे सांगणारे शहाणे आपल्यातही होते. आणि तोटा सोसून 'बौद्ध' लिहिणारेही होते. त्यांनी तोटा सोसला म्हणून आज आपली संख्या दिसते, म्हणून १९९० चा बदल झाला. मास्तर आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी वेगवेगळ्या रकान्यांत वेगवेगळे शब्द लिहिले. पण जे जगतो तेच लिहायचे, हा दोघांचा बाणा एकच निघाला. आणि हे दोघे चाळीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत!

पुतणीने अर्ज स्वतःकडे ओढला. धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिले. मग मला म्हणाली, "इतर मागासवर्गाच्या दाखल्याला काय काय लागतं ते सांगा." मी यादी करून दिली. दादा काही बोलला नाही, पण सकाळी फाट्यावर सोडताना म्हणाला, "जागा मिळाली नाही तर मात्र मला झोप लागायची नाही." त्याचे खरे आहे. खरे लिहिल्याबद्दल गरिबाच्या लेकीला तोटा व्हावा, ही त्या घराची नव्हे, देशाची लाज आहे. दलित ख्रिस्ती बांधवांना न्याय दिला तर आपल्या ताटातले कमी होईल अशी भीती आपल्या काही मंडळींना वाटते. ताट वाढवून मागण्याची लढाई सगळ्यांनी मिळून लढायची असते. १९९० पूर्वी आपणही दाराबाहेर होतो, हे विसरून कसे चालेल?

परतताना

येताना गाडीत बसून मी हिशेब मांडला. त्या लहानशा मंडळीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी कोणत्या? दर रविवारी एकत्र येणे. जमेल तेवढे प्रत्येकाने देणे. दिलेल्याचा हिशेब उघड ठेवणे. आजाऱ्याचे नाव दारावर लिहिणे. बाईच्या हाती वही आणि पोराच्या हाती पुस्तक देणे. आणि जे आहोत ते लिहिणे. यातली एकही गोष्ट आपल्याला परकी नाही. दर रविवारी विहारात जा, असे बाबासाहेबांनीच सांगितले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. आपण १४ एप्रिलला मिरवणुकीवर हात सैल सोडतो आणि विहाराच्या लाइट बिलाला वर्गणी मागत फिरतो. आमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली तर तीन महिने कोणाकडे आहे तेच कळत नव्हते. कमिटीतल्या आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले होते, त्यात मीही होतो.

पुढच्या रविवारी किल्ली सापडली. कुलूप गंजले होते, तेल घालून उघडले. महिला मंडळाच्या चार जणींनी झाडलोट केली. वंदना झाली. सातवीतल्या एका मुलीने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधली दोन पाने वाचली. शेजारच्या शाळेतून एक जुना फळा मागून आणला होता. त्यावर मी खडूने लिहिले : 'उपस्थिती ११. दान रु. २३०. आजारी : एक.'

अकरा माणसे म्हणजे काही फार नाहीत. पण आजारी म्हणून ज्या आजींचे नाव लिहिले होते, त्यांच्याकडे त्या दिवशी संध्याकाळी सहा जण भेटायला गेले. आजी म्हणाल्या, "एवढी माणसं कशी आली आज?"

जय भीम.